बुजवलेला खड्डा

श्रीरंग ओक यांना दगडांचं वेड लागलं ते घटस्फोटानंतर. त्याआधी ते टेनिस खेळायचे. अमेरिकेत, पोर्टलंडजवळच्या बीव्हरटनला आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये ते राहत. मूळचे पुण्याचे, एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनिअर. शनिवारी सकाळी आमच्याकडे पोहे खायला यायचे आणि खिशातून एखादा दगड काढून बशीच्या शेजारी ठेवायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. माझ्या नवऱ्याला, भानुदासना, ते यार म्हणायचे.

एकदा त्यांनी आणलेला दगड बघून मला हसूच आलं. बटाट्याएवढा, मातकट, अंगभर पुटकुळ्या. मग त्यांनी तसाच दुसरा एक दगड काढला, मधोमध कापलेला. आत निळसर चांदणी होती, पाच टोकांची, काचेसारखी गुळगुळीत.

"थंडरएग," भाऊजी म्हणाले. "जुन्या ज्वालामुखीच्या राखेत तयार होतात. प्राइनव्हिलच्या पुढे सरकारी जंगल आहे, तिथे कुणीही जाऊन खणावं. नकाशा जंगल खातंच देतं. चल ना यार, तू तर सॉइल इंजिनिअर."

"मी माती टेस्ट करतो," भानुदास म्हणाले. "खणत नाही."

ते हसत म्हणाले, पण ते खरं होतं. त्यांचे वडील पवनीकडच्या गावांमधून विहिरी खोदायचे. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा, आणि त्या दिवसापासून खोदणाऱ्यांनी त्या विहिरीच्या काठावर पाय ठेवायचा नाही. भानुदास दहा वर्षांचे असल्यापासून वडिलांबरोबर खाली उतरायचे. नागपूरला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली त्या दिवशी त्यांनी टिकाव खाली ठेवला, तो परत हातात घेतला नव्हता. इथे पोर्टलंडला ते एका फर्ममध्ये होते. रस्ता किंवा इमारत बांधायच्या आधी जमीन किती भार सोसेल, ते बघायचं काम.

जाऊ या असं मीच म्हटलं. हॉस्पिटलमध्ये मी नर्स होते, सलग तीन वीकेंड ड्युटी केली होती. मला झाडं बघायची होती. हे मी आधीच सांगून ठेवते.

सन चौऱ्याऐंशी, सप्टेंबर. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं भाऊजींच्या स्टेशन वॅगनने डोंगर ओलांडून प्राइनव्हिलला गेलो, मोटेलमध्ये झोपलो आणि सकाळी जंगल खात्याच्या ऑफिसातून नकाशा घेतला. काउंटरवरच्या बाईने नियम पाठ केल्यासारखे सांगितले. फक्त हाताची अवजारं. झाडांची मुळं तोडायची नाहीत. मातीच्या उभ्या कडेत आत बोगदा करायचा नाही. आणि निघताना आपला खड्डा बुजवून जायचं.

"त्या बाजूला सध्या फारसं कुणी जात नाही," ती म्हणाली. "काही झालं तर फोन तुम्हाला चाळीस मिनिटांवर मिळेल, त्याआधी नाही."

भाऊजी म्हणाले, "उत्तम. गर्दी नको."

शेवटचे आठ मैल खडीचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना उंच पाइन, खाली वाळलेलं गवत. त्या सकाळी दव गोठलं होतं. एका वळणावर रस्त्याच्या कडेला कुणीतरी मेलेलं हरिण ओढून ठेवलं होतं, त्याच्यावर एकही कावळा नव्हता.

पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण भाऊजींनी घड्याळ बघून म्हटलं होतं, "नाईन थर्टी. लंचपर्यंत तीन तास मिळतात."

जागा म्हणजे डोंगराच्या उतारावरची, खरवडून काढल्यासारखी एक मोठी उघडी जमीन होती. सगळीकडे जुने खड्डे, काही अर्धवट बुजलेले, काहींत गवत उगवलेलं. वरच्या अंगाला दोन पुरुष उंचीची मातीची उभी कड होती आणि तिच्या अगदी काठावर एक जाडजूड पाइन. त्याची मुळं कडेतून बाहेर लोंबत होती.

तिथे एक हिरवा पिकअप उभा होता. मागचं फळकं खाली पाडलेलं, त्यावर सात-आठ थंडरएग ओळीने मांडलेले. शेजारी घडीची खुर्ची, डब्याची पेटी, खुर्चीच्या पाठीवर जाड जॅकेट. माणूस कुठेच नव्हता.

भाऊजींनी दोनदा हाक मारली. "हॅलो? एनीबडी?"

झाडांमधून आवाज परत आला, बाकी काही नाही.

"गेला असेल झाडीत," भाऊजी म्हणाले. "सकाळची वेळ आहे."

एक कुत्री होती. गुळाच्या रंगाची, मध्यम आकाराची. कडेच्या पायथ्याशी सैल मातीचा एक उंचवटा होता, त्यावर ती उभी होती. आम्हाला बघून भुंकली नाही. पळत माझ्यापाशी आली, माझ्या हाताला नाक लावलं, परत तिथे गेली आणि मातीत पंजे मारायला लागली. मग पुन्हा माझ्याकडे. असं तिने चार-पाच वेळा केलं.

"उंदीर-बिंदीर असेल बिळात," भाऊजी म्हणाले.

भानुदास कमरेवर हात ठेवून त्या कडेकडे बघत होते. कामाच्या जागी बघतात तसं, खालून वर. मग त्यांची नजर त्या सैल मातीवर आली.

"बघा," ते आम्हाला म्हणाले, "याला म्हणतात शिस्त. त्याने आपला खड्डा बुजवला, मग दुसरा शोधायला गेला. नाहीतर बाकीचे बघा, सगळं तसंच टाकून गेलेत."

हे वाक्य त्यांनी नंतर किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल, ते मला माहीत नाही. माझ्यासमोर एकदाच म्हटलं.

भाऊजींना कडेखालीच खणायचं होतं. तिथली माती ताजी, ओलसर, आणि फळक्यावरचे दगड बघता माल तिथेच होता. भानुदासनी सरळ नाही म्हटलं.

"का रे?"

"वर झाड बघ. मुळांखालची माती कुणीतरी आतपर्यंत कोरून काढलीय. ही कड नुसती सवयीने उभी आहे."

"पण त्याने तर खणलंच ना?"

"त्याला भेटलो की विचारू."

शेवटी आम्ही वीस-पंचवीस पावलं खाली, मोकळ्या उतारावर जागा धरली. भाऊजी टिकाव मारायचे, मी घमेल्यात माती चाळायचे. भानुदास एका ओंडक्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. तासाभरात पहिला थंडरएग निघाला. भाऊजी लहान मुलासारखे ओरडले. मग दुसरा, मग एकदम तीन. आम्ही मोठमोठ्याने बोलत होतो, हसत होतो. भाऊजींनी त्यांच्या कॉलेजमधल्या एका प्रोफेसरची नक्कल केली. मी इतकी हसले की घमेलं उपडं झालं.

कुत्री मधेमधे रडायची. भुंकणं नाही, बारीक, लांबलेला आवाज. थांबायची, कान मातीला लावल्यासारखी मान खाली घालायची, आणि पुन्हा उकरायची. अकराच्या सुमाराला ती पुष्कळ वेळ नुसतीच बसली. मला बरं वाटलं की गप्प झाली.

"तिचा मालक अजून आला नाही," मी म्हटलं.

"लांब गेला असेल," भाऊजी म्हणाले. "हे लोक दिवसभर भटकतात."

भानुदासनी वर्तमानपत्रावरून मान वर केली, पिकअपकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागले. पण त्यानंतर त्यांनी पान उलटलं नाही.

मी पिकअपपाशी गेले, कुत्रीला पाणी आहे का बघायला. तिचं भांडं भरलेलं होतं, वर पाइनच्या दोन काड्या तरंगत होत्या. समोरच्या सीटवर थर्मास होता. मी झाकण फिरवलं. कॉफी अजून गरम होती. पेटीत कागदात गुंडाळलेली दोन सँडविचेस, एकालाही हात लावलेला नव्हता. डॅशबोर्डवर आठवड्याच्या गोळ्यांची डबी. शुक्रवारचा खण रिकामा, शनिवारचाही रिकामा. म्हणजे माणूस आज सकाळी इथे होता, म्हातारा होता, गोळ्या वेळेवर घेणारा होता. असा माणूस जॅकेट न घालता, पाणी न घेता, कुत्रीला न घेता कुठे जाईल?

मी खाली येऊन हे सांगितलं. भाऊजी म्हणाले, "एकपर्यंत वाट बघू. नाही आला तर जाताना रेंजरना सांगू." मला ते पटलं. भानुदासनाही पटलं. ते पटलं, हेच आता पटत नाही.

एक वाजता आम्ही जेवायला बसलो. आमच्या जागेवर सावली आली होती आणि सावलीत हात गारठत होते. ऊन होतं ते फक्त कडेच्या पायथ्याशी.

"झाड आज पडत नाही यार," भाऊजी म्हणाले. "दहा मिनिटं बसू. माती किती मऊ आहे बघ."

भानुदासनी वर एकदा पाहिलं आणि मानेने होकार दिला. मी जुनी चादर अंथरली. आम्ही तिघं त्या सैल मातीच्या उंचवट्यावर बसलो. मी पोळ्यांचा डबा उघडला.

कुत्रीने रान डोक्यावर घेतलं. पहिल्यांदाच भुंकली. चादरीचं टोक दातात धरून ओढायला लागली. भाऊजी हट हट करत उठले. मी तिला पोळीचा तुकडा दाखवला, तिने तो पाहिलाही नाही. तिला जवळ घेतलं तेव्हा तिचा पंजा माझ्या हातात आला. नखं तुटलेली होती. दोन बोटांमधून रक्त येत होतं आणि रक्तात माती घट्ट बसली होती.

"अहो," मी म्हटलं, "ही उंदरासाठी नाही उकरत."

भानुदास मागे रेलून बसले होते, एक हात मातीत टेकवून. तो हात त्यांनी तसाच ठेवला आणि हळूहळू मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बोटांनी माती बाजूला केली. मातीतून लाकडाचं गोल टोक वर आलं होतं, चार बोटं असेल नसेल. घासून गुळगुळीत झालेलं, घामाने काळं पडलेलं.

त्यांनी ते धरून ओढलं. निघालं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, तरी तसूभर हललं नाही.

"फावडं आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "खड्डा बुजवणारा माणूस आपलं फावडं आत पुरत नाही."

मग ते ओरडले, "उठा! उठा इथून! चादर सोड, शीला, उठ!"

भाऊजी उभेच होते. त्यांच्या हातात लोणच्याची बाटली होती, ती त्यांनी परत झाकण लावून खाली ठेवली. माणूस काय करतो ते त्याचं त्यालाही कळत नाही अशा वेळी.

भानुदासनी काय काय करायचं ते भराभर सांगितलं. भाऊजींनी गाडी घेऊन फोनपर्यंत जायचं, शेरीफला सांगायचं की माणूस गाडला गेलाय, वरून झाड आहे, दोर आणि फळ्या आणा. "ड्राइव्ह फास्ट, पण गाडी खड्ड्यात घालू नकोस. तू पोचला नाहीस तर कुणीच येणार नाही." भाऊजी गेले.

कुत्रीला मी भानुदासच्या पट्ट्याने पिकअपला बांधलं. मग भानुदास मला घेऊन बाजूच्या चढाने वर गेले. झाडाच्या मागे, गवतात, जमिनीला एक चीर पडली होती. सरळ, जणू कुणी सुरीने आखलेली. ही चीर सकाळी वर येऊन कुणी पाहिली असती तर, हे वाक्य मी पूर्ण करत नाही.

त्यांनी चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक काडी रोवली. "या दोन काड्यांमध्ये किती बोटं बसतात?"

मी हात लावून पाहिला. "दोन."

"बघत राहा. तीन बसली की ओरड. विचार करायचा नाही, मला विचारायचं नाही, नुसतं ओरडायचं."

"आणि तुम्ही?"

"मी खणतो."

मी वरून पाहत होते. त्यांनी भाऊजींचं फावडं घेतलं, आणि पंधरा वर्षांत ज्या माणसाने बागेतही कुदळ मारली नव्हती, तो माणूस असा खणायला लागला की माती स्वतःहून बाजूला होतेय असं वाटावं. उभ्याने नाही, गुडघ्यावर. फावड्याचा घाव कधी खोल नाही. दोन घाव, मग हाताने चाचपणं, मग दोन घाव. मधेच थांबून ते मातीला कान लावायचे आणि इंग्रजीत हाक मारायचे. "सर? कॅन यू हिअर मी? सर?" त्या माणसाचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी काड्यांकडे बघत होते. दोन बोटं. दोन बोटं. वारा सुटला की झाड वर करकरायचं आणि माझ्या तळपायाखाली काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. दोन बोटं आणि थोडी फट.

पाऊण तास गेला असेल.

"शीला!" खालून आवाज आला. "हात लागला! हात आहे!"

मी वाकून पाहिलं. ते पोटावर आडवे झाले होते, खांद्यापर्यंत खड्ड्यात. मला एक मनगट दिसलं, निळ्या शर्टाची बाही, मातीने राखाडी झालेली बोटं.

"नाडी बघा," मी ओरडले. "अंगठ्याखाली, आतल्या बाजूला!"

"कळत नाही. माझेच हात थरथरतायत. शीला, गरम आहे. हात गरम आहे." आणि मग, "हलला! बोटं हलली, माझं बोट धरलं त्याने!"

मी काड्यांकडे पाहिलं. तीन बोटं सहज बसली.

मी ओरडले. सांगितल्याप्रमाणे नुसतं ओरडले. ते आले नाहीत.

"दोन मिनिटं! तोंडापर्यंत जातो, दोन मिनिटं!"

"अहो, तीन झाली! निघा!"

"त्याने बोट धरलंय माझं!"

माझ्या डोळ्यांसमोर चिरेच्या काठावरची माती आत सांडायला लागली, साखर सांडावी तशी, आवाज न करता. मला एकच सुचलं. मी म्हटलं, "मग मी येते खाली. तुमच्या शेजारी येऊन बसते." आणि मी चढ उतरायला लागले. धावत, ते बघतील अशी.

त्यांनी मान वर करून मला पाहिलं. त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी हॉस्पिटलमध्ये पुष्कळ वेळा पाहिलंय, पण ते नेहमी दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या चेहऱ्यावर. त्यांनी बोट सोडवलं. उठले, माझ्या दिशेने आले, दहा-बारा पावलं. मागे कड खाली बसली. कोसळली असं म्हणता येणार नाही. बसली, आणि तिच्यासोबत झाड सावकाश वाकत आलं आणि सगळ्यावर आडवं झालं. धूळ बसेपर्यंत आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. कुत्री भुंकायची थांबली होती.

साडेतीनला शेरीफचा डेप्युटी आणि सात-आठ माणसं आली. भाऊजी त्यांच्या मागोमाग. झाड साखळीने ओढायला, फळ्या लावायला आणि खणायला सहा वाजले. उजेड असतानाच त्यांनी त्या माणसाला बाहेर काढलं. मी पुढे होऊन पाहिलं, नर्स आहे म्हणून सांगितलं, कुणी अडवलं नाही. सत्तरीचा असावा. बारीक पांढरी दाढी. एक हात वर, आमच्याकडे आलेला. दुसरा कोपरात वाकून तोंडासमोर आडवा धरलेला. त्या हाताच्या आत, तोंडाजवळ, माती नव्हती.

श्वास घेण्यापुरती ती मोकळी जागा मी पाहिली. मला वाटलं भानुदासनी पाहिली नाही.

डेप्युटीने आमचे जबाब घेतले. फार सभ्य माणूस होता. निघताना त्याने भाऊजींची बादली उचलून आणली. आत सकाळचे अकरा थंडरएग. "तुमचे दगड राहिले," तो म्हणाला. भाऊजींनी ती परत जमिनीवर ठेवली. त्याला वाटलं विसरले, त्याने पुन्हा उचलून गाडीत ठेवली. परतीच्या वाटेवर प्रत्येक वळणाला ते दगड बादलीत एकमेकांवर घासत होते. साडेतीन तास. भाऊजींनी ना गाडी थांबवली, ना बादली फेकली.

दहा दिवसांनी डेप्युटीचा फोन आला. काही कळलं की कळवा, असं भानुदासनी त्याला सांगून ठेवलं होतं. माणसाचं नाव रॉय होतं, चौऱ्याहत्तर वय, रिटायर्ड लाकूडवाला. वीस वर्षं तो त्या जागी येत असे. डॉक्टरांच्या मते मृत्यू सकाळी नऊ ते दुपारी बाराच्या दरम्यान. पावणेदोनला बोटं हलणं शक्य नाही. ऊब मातीची असेल, पकड तुमच्याच हाताची. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

भानुदासनी फोन ठेवला. मला वाटलं ओझं उतरलं. त्यांनी मला सगळं सांगितलं, शब्दन् शब्द, आणि मग विचारलं, "नऊ ते बारा?"

"हो, असं म्हणतात ना ते."

"आपण साडेनऊला पोचलो."

मी फोनची वायर सरळ करत राहिले.

"हात तोंडासमोर होता त्याचा," ते म्हणाले. "मी पण पाहिलं, शीला."

त्यानंतरचे दोन महिने घरात कुणी मोठ्याने हसलं नाही. साइटवर कुणी चर फळ्या न लावता खणला की भानुदास काम बंद पाडायचे. एका ठेकेदाराची कॉलर धरली म्हणून ऑफिसातून त्यांना पत्र आलं. भाऊजी शनिवारी यायचे बंद झाले. एकदा पार्किंगमध्ये दिसले तेव्हा मला म्हणाले, "मी त्या प्रोफेसरची नक्कल करत होतो, वहिनी." एवढंच. डिसेंबरात ते कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला नोकरी घेऊन गेले.

नोव्हेंबरच्या एका रविवारी दुपारी फोन वाजला. मी उचलला. बाईचा आवाज, म्हातारा, सावकाश.

"माझं नाव जून. रॉयची बायको." तिने आधी आभार मानले. कुत्री ठीक आहे, पंजा भरून आला, म्हणाली. मग, "मला एक विचारायचं होतं. रिपोर्टमध्ये तो सापडल्याची वेळ आहे फक्त. तुम्ही तिथे कधी पोचलात?"

भानुदास स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

"बारा वाजून गेले होते," मी म्हटलं.

मी हे ठरवून म्हटलं नाही. पण आजही कुणी विचारलं तर तसंच म्हणेन.

भानुदासनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. ओढला नाही, नुसता घेतला. "मॅडम," ते म्हणाले, "मी तिचा नवरा. आम्ही साडेनऊला पोचलो. आम्ही जवळच होतो. आम्हाला कळलं नाही."

मी त्यांच्या कानाशी कान नेला. पलीकडे लांब कुठेतरी टीव्ही चालू होता.

मग तिने विचारलं, "तुम्ही बोलत होतात का? मोठ्याने?"

"हो."

"हसत होतात?"

भानुदासनी डोळे मिटले. "हो."

"म्हणजे त्याला ऐकू येत असेल," ती म्हणाली. "माणसं आहेत, हे त्याला कळलं असेल." तिने श्वास घेतला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली, आणि फोन ठेवला.

ती कुठल्या अर्थाने म्हणाली, ते आम्हाला कळलं नाही. त्याला सोबत होती असं तिला वाटलं, की मदत इतकी जवळ असून आली नाही, असं? तिच्या आवाजात राग नव्हता. दिलासाही नव्हता. भानुदासनी फोन जागेवर ठेवून विचारलं, "तू बारा का सांगितलंस?"

"तिच्यासाठी," मी म्हटलं.

"तिच्यासाठी?"

ते खुर्चीवर बसले. मी त्यांच्या समोर बसले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ते रडले, मोठ्याने, तोंड उघडं ठेवून. शेजाऱ्यांना ऐकू गेलं असेल. कुणी दार वाजवलं नाही.